दोर ओढण्याचे कारण

सोमवारी दुपारी शकूने वडिलांच्या भाकरीवर मेथीची भाजी वाढली आणि त्यांना एक परिपत्रक वाचून दाखवलं.

नाशिकच्या धरण कचेरीत शकू टंकलेखिका होती आणि तिचे वडील, सावळीराम, पाणबुडे. सायखेड्याला गोदावरीत पोहायला शिकलेला हा माणूस बावीस वर्षं धरणाची भिंत पाण्याखालून तपासत होता. कमरेला दगड बांधायचा, श्वास रोखून खाली जायचं, भिंतीवर हातोडी ठोकायची आणि आवाजावरून तडा ओळखायचा. वर येणं काठावर उभ्या असलेल्या सहकारी सहादूच्या हातातल्या दोरावर. खालून तीन झटके आले की सहादू ओढत असे. ही पद्धत कुठेही लिहून ठेवलेली नव्हती, हा तिच्यातला गंभीर दोष अखेर विभागाच्या लक्षात आला होता.

दोष दूर करण्यासाठी उपअभियंता साहेबांना भूमध्य समुद्रातल्या एका बेटावर सहा आठवडे प्रशिक्षणाला पाठवण्यात आलं. तिथे समुद्रात भिंतीसारखा सरळ उतरलेला कडा आहे. पाठीवर हवेचं नळकांडं बांधून साहेब त्या कड्याच्या कडेने खाली गेले आणि ऐंशी रंगीत स्लाइड घेऊन परतले. कचेरीत पडदा लावून त्या दाखवल्या. लाल पोवळी, पिवळे मासे, कपारीतून डोकावणारा अष्टपाद आणि प्रत्येक चित्राच्या कोपऱ्यात साहेबांचा पाय.

"काय निळं पाणी हाय!" सावळीराम मागच्या बाकावरून म्हणाले. "आपल्या धरणात सोताचा हात दिसत नाय."

"तिथे शिस्त आहे," साहेब म्हणाले.

साहेबांच्या पाठोपाठ बुडी मारायचा तसला परदेशी संचही आला. तो केवळ प्रशिक्षित व्यक्तीने वापरायचा होता. प्रशिक्षित असे एकटे साहेब होते आणि त्यांच्या हुद्द्याच्या अधिकाऱ्याने पाण्यात उतरणं नियमात बसत नव्हतं. त्यामुळे संच भांडारात कुलूपबंद राहिला. दसऱ्याला त्याला झेंडूचा हार घालण्यात आला. नारळ सावळीरामांनी फोडला.

राहता राहिली शिस्त. बेटावर प्रत्येक बुडीची नोंद वहीत होते, हे साहेबांनी पाहिलं होतं. ती नोंद वर आल्यावर, टॉवेल गुंडाळून, कॉफी पीत करतात, एवढा किरकोळ तपशील मात्र त्यांच्या स्मरणातून गेला होता. परिपत्रकाचं कलम तीन असं होतं: 'दोरास झटका मिळताच झटक्यांची संख्या, वेळ व दोर ओढण्याचे कारण नोंदवहीत लिहून त्यावर सक्षम अधिकाऱ्याची सही घ्यावी. तत्पूर्वी दोर ओढू नये.'

शकूने ते वाचलं तेव्हा सावळीरामांना हसता हसता ठसका लागला.

"कारण? म्या खालून काय सांगू गं? बुडबुडे सोडू?"

शकूही हसली. "मी टाइप केलंय, बाबा. एकही चूक नाही."

"मंग झालं! माझी पोर चुकायची नाय." त्यांनी 'वाचले' या शब्दापुढे अंगठा उठवला. वर एकोणतीस सह्या आधीच झाल्या होत्या. पहिली शकूची होती.

मंगळवारी सकाळी सावळीराम भिंतीलगत उतरले. मिनिटभरात तीन झटके आले. सहादूने दोराला हात घातला, तोच नोंदवहीवर नेमलेल्या मल्हारीने त्याला अडवलं.

"थांब, सहादूभाऊ. संख्या तीन, वेळ नऊ बारा. कारण काय लिहू?"

"तो वर आला का सांगंल ना!"

"तोवर रकाना रिकामा. रिकाम्या रकान्यावर साहेब सही करत नाही."

"आरं, मानूस हाय खाली!"

"मी नाही म्हणलो का? पण कारण?"

शेवटी मल्हारीने 'श्वास घेणे' असं लिहिलं आणि तो साहेबांकडे धावला. साहेबांनी वाचलं. कारण वैयक्तिक स्वरूपाचं वाटत होतं, म्हणून त्यांनी ते खोडून 'शासकीय कामास्तव' असं केलं आणि सही ठोकली. मल्हारी परतला तेव्हा वाट पाहून पाहून सहादूने अखेर दोर ओढून घेतला होता. सही नसताना ओढल्याबद्दल त्याला नोटीस मिळाली. सावळीरामांना काहीच मिळालं नाही. ते तोवर गेले होते.

तेराव्यानंतर शकू कामावर हजर झाली. त्याच दिवशी चौकशीची बैठक होती. साहेब सांगत गेले, शकू लघुलिपीत घेत गेली.

"परिपत्रकात कोणताही दोष आढळला नाही. मयत कर्मचाऱ्याने झटके देण्यास विलंब केला असावा. झालं? वाचून दाखवा."

शकूने पेन्सिल खाली ठेवली.

"कलम तीन ऐकून बाबा हसले होते, साहेब. मीही हसले. ते टाइप करतानाच मला कळलं होतं, की या कागदाने माणूस मरेल. मी फक्त शुद्धलेखन तपासलं."

"शकूताई, तुम्ही आत्ता मनःस्थितीत नाही..."

"तुम्ही सगळ्यांनी वाचलं होतं," बसलेल्या एकेकाकडे पाहत ती म्हणाली. "कोणाला कळलं नव्हतं असं नाही. वाचून सगळेच हसलो. आणि हसून झालं, की पान उलटलं."