डावं मडगार्ड

बोनेटवर एक रिवेट कमी आहे, एवढ्यावरून आमच्या अण्णांनी एकदा सगळी शेड दोन दिवस बंद पाडली होती. मालकांनी परोपरीनं समजावलं, गिऱ्हाईक परदेशात आहे, त्याला कळणारसुद्धा नाही. अण्णा जागचे हलले नाहीत. जुना फोटो आणि भिंग मालकांच्या पुढ्यात ठेवून म्हणाले, "मोजा. हुबेहूब म्हंजी हुबेहूब." मालकांनी मोजलं आणि मुकाट्यानं बोनेट उतरवायला सांगितलं.

घोटावड्याजवळच्या आमच्या शेडमध्ये चोवीस तासांच्या शर्यतीत पळालेल्या जुन्या गाड्यांच्या प्रतिकृती बनतात. अस्सल गाड्या संग्रहालयांत नाहीतर फार श्रीमंत माणसांकडे असतात. त्यांच्याखालोखाल श्रीमंत असलेले लोक आमच्याकडे येतात. मी संगणकावर नकाशे काढतो आणि अण्णा ॲल्युमिनियमचा पत्रा हातोडीनं ठोकून गाडीचं अंग घडवतात. माझ्या नकाशांबद्दल त्यांचं मत फारसं बरं नाही. तयार गाडीसमोर मात्र ते चपला काढून उभे राहतात. ती मुळात ज्यांनी ठोकली, त्या परमुलखातल्या कारागिरांना ते 'आपली मानसं' म्हणतात.

बाहेरही हा माणूस पत्राच बघणार. एका लग्नात त्यांनी नवरदेवाच्या सजवलेल्या गाडीची फुलं बाजूला सारून दाराची फट बोटानं मोजली होती. नवरी आत बसलेली होती.

पत्रा ठोकायला दोघं लागतात. बाहेरून एक जण हातोडी मारतो आणि आतून दुसरा लोखंडी ठोकळा धरतो. अण्णांचा ठोकळा तीस वर्षं त्यांच्या धाकट्या भावानं, बापूंनी धरला. त्यातली शेवटची अकरा वर्षं दोघांत बोलणं नव्हतं. नांदे गावच्या वडिलोपार्जित जमिनीतला आपला हिस्सा बापूंनी अण्णांना न विचारता बिल्डरला दिला होता. अण्णांनी अबोला धरला, पण ठोकळ्याला दुसरा माणूस काही घेतला नाही. मग दोघांच्या मधे एक पत्रा आणि निरोप माझ्यामार्फत. "त्येला म्हनावं, वाईच वर घे." मी म्हणायचो, बापू, जरा वर घ्या. आतून उत्तर यायचं, "ऐकलंया मी. त्येला म्हनावं, हळू मार." पगार मला नकाशांचा मिळायचा, पण निम्मा दिवस या हमालीत जायचा.

यंदा बापूंना दम लागायला लागला. डॉक्टरांनी फुप्फुसं निकामी झाल्याचं सांगितलं. पत्र्याची धूळ की वेल्डिंगचा धूर, हे विचारून आता उपयोग नव्हता. घरी ऑक्सिजन लावला. एक महिना काढतील, फार तर दोन, असं डॉक्टर म्हणाले. दोघा भावांचं घर एकच, मधे एक भिंत. अण्णांच्या पत्नी, आमच्या वहिनी, रोज पेज घेऊन पलीकडे जायच्या, अण्णा उंबऱ्यापर्यंतसुद्धा जात नसत.

मी एकदा स्पष्टच बोललो. अण्णा, माणूस चाललाय, दोन शब्द बोलून घ्या. ते म्हणाले, आधी गाडी होऊ दे. मला त्यांचा संताप आला. हातातल्या गाडीचं फक्त डावं मडगार्ड राहिलं होतं आणि ते दुसऱ्या कुणाला ठोकळा धरू देत नव्हते. एका हातात ठोकळा, दुसऱ्या हातात हातोडी, असं एकट्यानंच चाललं होतं. चार दिवसांच्या कामाला तीन आठवडे गेले. भावाकडे रिकाम्या हातानं जायची त्यांची छाती होत नव्हती, हे माझ्या फार उशिरा लक्षात आलं.

एका रविवारी सकाळी त्यांनी मडगार्ड गोधडीत गुंडाळून टेम्पोत घातलं आणि मलाही बरोबर घेतलं. निरोप्या लागणारच होता.

बापू कॉटवर उशीला टेकून बसले होते, नाकात नळी. ओळखू न येण्याइतके वाळले होते. आम्ही मडगार्ड त्यांच्या मांडीवर ठेवलं. बाहेरच्या चकचकीत अंगाकडे त्यांनी बघितलंसुद्धा नाही. मला ते उलटं करायला लावलं आणि आतून हात फिरवला, कारण तीस वर्षं त्यांनी पत्र्याची तीच बाजू पाहिली होती. एका जागी बोटं थांबली. ते माझ्याकडे बघून म्हणाले, "त्येला म्हनावं, हितं फुगलाय. बसीव."

मी तोंड उघडलं, तोवर अण्णा कॉटच्या कडेला बसले होते.

"तू धरल्याबिगर कसा बसवू मी?" ते बापूंना म्हणाले.

बापू बराच वेळ नुसता श्वास गोळा करत राहिले. मग म्हणाले, "ऱ्हाऊ दे मंग तसाच, दादा."

मी बाहेर ओट्यावर येऊन बसलो. आत माझं काही काम राहिलं नव्हतं.

चौथ्या दिवशी बापू गेले.

दिवस उरकल्यावर अण्णा कामावर आले आणि गाडी पूर्ण झाली. पाठवणीच्या दिवशी मालकांनी गाडीच्या अंगावरून हात फिरवला. डाव्या मडगार्डवर हात अडखळला, तेव्हा त्यांनी विचारलं, अण्णा, इथे हा उंचवटा कसला?

"मूळ गाडीलाच हाय तसा," अण्णा म्हणाले.

मालकांनी मान डोलावली. अण्णांच्या शब्दापुढे जुना फोटो काढून बघण्याची त्यांची प्राज्ञा नव्हती. अण्णा चपला घालून चहाला निघून गेले.

मूळ गाडीचे सगळे फोटो माझ्या संगणकात आहेत. एकातही तो उंचवटा नाही. त्या दिवशी दुपारी मी नकाशा उघडला आणि डाव्या मडगार्डवर तो उंचवटा आखून ठेवला.