नडगीवरचा शार्क

आमच्या पतसंस्थेच्या संचालक मंडळाने सन २००४चा अभ्यास दौरा लक्षद्वीपला काढला. विषय होता, 'प्रवाळातील शार्क माशांचे प्रत्यक्ष निरीक्षण'. पतसंस्थेचा शार्कशी संबंध काय, असे कुणीही विचारले नाही. आदल्या वर्षी आम्ही काश्मीरला बर्फाचा अभ्यास केला होता.

पाण्यात उतरायला इतर संचालकांची प्रकृती बरी नसल्याने माझी एकमताने निवड झाली. परतल्यावर चेअरमन मृत्युंजयअण्णांना सवड नव्हती, म्हणून माझा सत्कार निघण्यापूर्वीच उरकला. कसबा बावड्याच्या चौकात डिजिटल फलक लागले. वर फेटा बांधलेला मी, खाली जबडा वासलेला शार्क, आणि मध्ये 'शार्कशी झुंज दिल्याबद्दल अभिनंदन!' माझे व्हाइस चेअरमनपद आता त्या झुंजीवर अवलंबून होते.

आमच्या लिंगायत घरात मासा बोलण्यातही येत नाही. तरी पाठीवर हवेची टाकी बांधून, शिकवणाऱ्याचा हात घट्ट धरून मी खाली गेलो. प्रवाळाच्या कपारीत शार्क पडला होता. लांबीला जेमतेम माझ्या कमरेइतका, आणि त्याची वामकुक्षी चालली होती. मी घाबरून पाय झाडले. त्याने माझ्याकडे पाहिले आणि शांतपणे दुसरीकडे निघून गेला. इतका देखणा प्राणी मी पाहिला नव्हता. वर येताना होडीच्या शिडीवर माझी नडगी सोलटली.

वार्षिक सभेत मी हे सगळे सांगितले. फक्त शिडीचे राहिले.

सभासद जोतीराम उठला. "म्हंजे चावला न्हाय?"

"न्हाय. झोपला हुता."

"मग शार्क कसला त्यो? झोपलेला मासा बघाय एवढ्या लांब गेलता व्हय? तसलं रंकाळा तळ्यात बी हाईत की!"

सभा हसली. अण्णा माझ्या कानाशी लागले, "राजशेखर, डिजिटल अजून चौकात हाय. कायतरी कर की!"

मी सावकाश पँटचा पाय वर केला. नडगीवरची जखम सभागृहाला दाखवली. तोंडातून चकार शब्द काढला नाही. टाळ्यांचा कडकडाट झाला, आणि सर्वांत जोरात जोतीराम वाजवत होता.

मी बिनविरोध व्हाइस चेअरमन झालो. शार्कच्या हिंस्र वृत्तीचा निषेध करणारा ठराव मंजूर झाला आणि जिल्हा शार्क-प्रतिबंधक उपसमिती माझ्या अध्यक्षतेखाली नेमली गेली. जिल्ह्याला समुद्र नसल्याने तिचे काम समाधानकारक आहे.

घरी बायकोने, वर्षाराणीने विचारले, "खरंच चावला व्हय?"

"न्हाय गं."

"मग गप बसा. मी समद्या गल्लीला सांगून आलोय."

त्या शार्कची आठवण आली की मला लाज वाटते. बिचाऱ्याने काही म्हणता काही केले नव्हते. पण एकट्या जोतीरामला नावे ठेवू नका. शार्क झोपलेला निघाला, तेव्हा वाचता वाचता आपलाही थोडा हिरमोडच झाला की नाही?