सदाशिवची जखम

म्हात्रे ड्रेसर कुणाला नमस्कार करत नसत. समोरच्याचा हात धरत, नाकाशी नेत आणि हुंगत. तंबाखूचा वास आला तर हात तसाच परत करत आणि सांगत, "धुवून या. पेशंटला तरास होतो." पेशंट म्हणजे पांढरा उंदीर.

पनवेलच्या गुरांच्या दवाखान्यात त्यांनी तीस वर्षं ड्रेसरचं काम केलं होतं. खांदे सुजलेले बैल, खूर सडलेल्या म्हशी, सगळ्यांची मलमपट्टी त्यांच्या हातची. पेन्शनीत निघाल्यावर गुरं सुटली, पण हात स्वस्थ बसेनात. त्याच सुमारास मुंबईहून कुणीतरी आमच्या आळीत पांढरे उंदीर आणले आणि बघता बघता ते घरोघर बिस्किटांच्या डब्यांत नांदू लागले. उंदीर आले की मारामाऱ्या आल्या, आणि मारामाऱ्यांमागून चावे. डॉक्टर उंदीर म्हटल्यावर हसून वाटेला लावत. राहता राहिले ड्रेसर. उंदीर हातात घेताना ते दमलेल्या आवाजात बजावत, "ही शेवटची केस. आता आपुन थकलो." या शेवटच्या केसेस मी आळीत राहायला आल्यापासून चालूच होत्या.

आमच्या घरात आम्ही दोघंच. मालतीला विरंगुळा हवा म्हणून तिच्या बहिणीने उंदरांची जोडी पाठवली. जोडी कसली, दोघेही नर निघाले. एका संध्याकाळी मी कचेरीतून आंबून घरी आलो, तर त्यांतल्या सदाशिवच्या कमरेवर चिंचोक्याएवढी गाठ आणि मालतीचे डोळे लाल. मी म्हटलं, उंदीरच तो, होईल बरा.  तिने चहाचा कप असा ठेवला, की अर्धा चहा बशीत आला. मी तो न पिताच ड्रेसरांकडे गेलो.

ते आले. माझे हात हुंगून झाले. सदाशिवला त्यांनी फडक्यात असा गुंडाळला, की गाठ तेवढी बाहेर राहिली. मग बुजलेल्या बैलाला चुचकारावं तसं "हो राजा, हो हो" करत मला म्हणाले, "भाऊसाहेब, मागच्या पायांपासून लांब उभं ऱ्हावा." मी लांब उभा राहिलो. कचेरीत दिवसभर ऐकून घ्यायची सवय झालेली.

चाव्यात पू धरला होता. उकळून कोमट केलेल्या मीठपाण्यात कापसाचा बोळा बुडवून त्यांनी गाठ शेकली, भोवतालचे केस कातरले, खपली भिजवून सोडवली आणि पू आपसूक वाहू दिला. मला बोट लावायचीही मनाई. म्हणे, दाबला की तो आत जातो. टिंक्चर लावू या का, असं मी विचारलं, तेव्हा त्यांनी मान हलवली. "तो चाटणार. त्याच्या पोटात चालंल तेच कमरेवर लावायचं." दुसऱ्या उंदराला वेगळा डबा झाला. लाकडाचा भुसा काढून त्या जागी धुतलेल्या धोतराच्या चिंध्या आल्या. धोतर माझं होतं. दिवसातून तीन वेळा मीठपाणी, आणि जखम वरून घाईने मिटू द्यायची नाही, आतून भरत यायला हवी, अशी ताकीद.

आठवड्याभरात ती भरली. पुढे केसही उगवले, आणि जखम कुठे होती ते मला दाखवता येईना. ड्रेसर मात्र रोज संध्याकाळी सहाला हजर. चष्मा कपाळावर चढवून बघत, बोळा फिरवत, चहा घेत आणि "जरा लाल हाय" म्हणून उठत. मी टोपी खुंटीला अडकवायच्या आत माझे हात हुंगले जात. महिना लोटला. कचेरीत वर्षअखेरीची कामं होती, माझी पाठ धरली होती. त्या पाठीला कुणी शेक देत नव्हतं आणि उंदराची रोज सरबराई चालली होती.

शेवटी एकदा मी बोललो. "ड्रेसर, एवढीशी तर जखम होती. तिच्यासाठी किती दिवस हे?"

त्यांनी बोळा वाटीत ठेवला. मग हळूहळू सांगायला लागले. त्यांची बायको खाडीकडच्या मिठागरावर कामाला जायची. तिथे तिच्या पायात शिंपला घुसला. त्याच सकाळी यांना गुरांच्या साथीवर नेरे गावाला जायचं होतं. निघताना तिने पाय पुढे केला, यांनी उभ्या उभ्याच पाहिला.

"मीच बोललो, एवढीशी तर हाय. बैलाचा पाय असता तर खाली बसून बघितला असता."

आठ दिवसांनी ते परतले, तोवर पाय मांडीपर्यंत काळा पडला होता. पुढे चारच दिवस ती होती. त्यालाही आता बरीच वर्षं झाली. पोरबाळ नव्हतं.

 मालती दाराशी उभी होती. ड्रेसरांनी हात पुसले. म्हणाले, "हा कवाच बरा झालाय, भाऊसाहेब. उद्यापास्नं नाय येत." चहा न घेताच ते गेले.

दुसऱ्या दिवशी सहाला मी घरी आलो, तर त्यांची खुर्ची रिकामी. मालतीने सवयीने तिघांचं आधण ठेवलं होतं आणि ती त्याकडे बघत बसली होती. मी सदाशिवला फडक्यात घेतला आणि बाहेर पडलो.

ड्रेसर आपल्या खोलीच्या पायरीवर बसले होते. मी फडकं त्यांच्या पुढे धरलं.

"जरा बघता का? मला तिथं लालसर वाटतंय."

त्यांनी सदाशिवला उजेडाकडे वळवलं. बोटाने केस बाजूला सारून खूप वेळ पाहिलं. तिथे काही नव्हतं, आणि हे त्यांच्याइतकं कुणालाच कळलं नसतं.

"हाय," ते म्हणाले. "थोडं हाय. बसून बघायला पायजे."

आणि पायरीवर थोडे सरकून त्यांनी मला जागा करून दिली.