भेटीस येणाऱ्यांचे व्यस्तचलन

दुःख वाटून घेतल्याने कमी होते, ही गोष्ट सर्वमान्य आहे. आमचे वडील शाळेत बीजगणित शिकवत. त्यांनी या गोष्टीला व्यस्तचलन (एक जितक्या पट वाढते, दुसरे तितक्या पट घटते) म्हटले असते आणि आधी पुरावा मागितला असता. ते गेल्यावर पुरावा आपोआप जमू लागला.

पहिल्या दिवशी चारजण भेटायला आले. मला रडायला तीस मिनिटे मिळाली. दुसऱ्या दिवशी आठजण; पंधरा मिनिटे. तिसऱ्या दिवशी चोवीसजण आले आणि पाच मिनिटे मिळाली (तीही न्हाणीघरात, नळ सोडून).

धाकट्या भावाने आकडे वहीत मांडले आणि तो उडालाच. "ताई, गुणाकार बघ! तिन्ही दिवस एकशेवीस! बाबा असते तर नाचले असते गं!"

त्यांच्या वतीने आम्ही दोघे नाचलो. (आई म्हणाली, "हळू! खालचे काय म्हणतील?") स्थिरांक सापडला की निम्मे गणित सुटते. येणारा एक, तर रडायला सलग दोन तास. चौथ्या दिवशी दारावर सूचना लागली : 'आज एकालाच प्रवेश. गैरसोयीबद्दल क्षमस्व.' नातेवाइकांनी आपसांत मतदान घेतले आणि बहुमताने आत्याला पाठवले.

आमची चूक एवढीच, की घरात एका वेळी एकच व्यस्तचलन चालू असते असे आम्ही धरले. आदल्या दिवशी चोवीसजण प्रत्येकी दहा मिनिटे बसले होते. आत्या एकटी, ती दोनशे चाळीस मिनिटे बसली. "सगळ्यांच्या वाटचं मलाच बसायला नको का?" असे म्हणून ती माझ्या खांद्यावर रडली. मी तिची पाठ थोपटत राहिले. माझे रडणे : शून्य मिनिटे.

पाचव्या दिवशी भावाने आतून कडी लावली. "आज कुणी म्हणजे कुणी नाही. रड आता हवं तेवढं."

मी बसले, आणि सवयीने भागाकार करायला गेले. एकशेवीस भागिले शून्य. (वर्गात अशा जागी वडील खडू खाली ठेवत. "इथे जायचं नाही," म्हणत.) बाहेरच्या खोलीत पंख्याचा तेवढा आवाज येत होता. मी उठून कडी काढली.

तेव्हा या. बसा. काय बोलावे ते सुचत नसेल तर स्वतःच्या गुडघ्याबद्दल बोला. मी मन लावून ऐकेन. तुमच्या घरी अशी वेळ आली की मी पहिल्याच दिवशी येणार आहे, आणि माझी दाढ फार दिवस दुखते आहे.