जयवंतीसाठी मोठी बोट

आमच्या तरीवरची होडी जयवंती एकतीस मे रोजी नियत वयोमानानुसार सेवानिवृत्त होणार होती, आणि निवृत्तीनंतर राहायला तिला एक मोठी, वापरलेली मोटरबोट हवी होती.

यात वेगळं काही नव्हतं. आमच्या खाडीतल्या लहान होड्या निवृत्त झाल्या की मोठ्या बोटीवर राहायला जातात. त्यांना डेकवर बसवतात, चारी बाजूंनी दोर लावतात, आणि जिने आयुष्यभर लोकांना पलीकडे नेलं तिला आता दुसरं कोणीतरी नेतं. बोट वापरलेलीच लागते, कारण नवी बोट म्हातारीचं ऐकून घेत नाही. पैशाचा प्रश्न नव्हता. जयवंतीचा भविष्य निर्वाह निधी तेहेतीस वर्षं नियमित कापला गेला होता. प्रश्न मुदतीचा होता. निवृत्तीच्या दिवसापर्यंत जिला बोट मिळत नाही, तिला बंदर कार्यालय ताब्यात घेतं आणि किनाऱ्यावरच्या एखाद्या रिसॉर्टला देतं. तिथे तिच्यात माती भरतात आणि झेंडू लावतात.

पलीकडच्या मोरवण्याची रत्नप्रभा अशीच गेली. रिसॉर्टच्या फाटकाशी ती अजून आहे. जयवंतीने तिला एकदा पाण्यातून, लांबूनच पाहिलं. त्यानंतर दोन दिवस तिने एकही फेरी केली नाही.

मी त्याच वर्षी मार्चमध्ये नॉर्वेहून परत आलो होतो. तीन वर्षं मी तिकडे लहान बंदरांतल्या जलवाहतुकीचा अभ्यास केला होता, आणि गावाचं भलं कसं करायचं हे मला तपशीलवार माहीत होतं. गावाला ते माहीत नव्हतं, एवढीच अडचण होती. जयवंती चालवणारे माझे बाबा, रघुवीर मयेकर, मला घ्यायला एस.टी. स्टँडवर आले होते. घरी पोचेपर्यंत मी त्यांना सात सुधारणा सांगितल्या. ते म्हणाले, "आधी आंघोळ कर."

पहिली सुधारणा मी दुसऱ्याच दिवशी केली. आमच्याकडे होडीत चढण्यापूर्वी तिच्या बाजूवर दोनदा बोटं वाजवतात आणि "येऊ का?" असं विचारतात. होडी "या" म्हणते. मग चढायचं. मला ही पद्धत ढिसाळ वाटली. संमतीची कुठेच लेखी नोंद नव्हती. मी दोन पानांचा संमती अर्ज तयार केला आणि आठवडाभर प्रत्येक प्रवाशाकडून तो भरून घेतला. पलीकडच्या बाजारात मासळी नेणाऱ्या सुलभाकाकू दुसऱ्या पानावरच्या सहाव्या मुद्द्यापाशी अडकल्या. तिथे "प्रवासाचा हेतू व त्यामागील भूमिका" विचारली होती. त्यांनी विचार करून भूमिका लिहीपर्यंत पाटीतले बांगडे मऊ पडले.

"सुयोग," जयवंती मला म्हणाली, "मी नाही म्हटलं तर ती काय पोहत जाणार आहे?"

"प्रश्न तो नाही, आत्या. प्रश्न तुझ्या नाही म्हणण्याच्या अधिकाराचा आहे."

"मेल्या, तेहेतीस वर्षांत मी एकदाच नाही म्हटलंय. तेव्हा तू चढत होतास, आणि तुझ्या हातात आइस्क्रीम होतं."

मी प्रयोग मागे घेतला. तत्त्व मागे घेतलं नाही.

मी तिला आत्या म्हणतो, कारण दर राखीपौर्णिमेला ती आपल्या दोराचं टोक बाबांच्या मनगटाला बांधते आणि बाबा तिच्या लाकडाला नवं तेल लावतात. गावात सगळ्यांना हे ठाऊक आहे. म्हणूनच बंदर कार्यालयाची नोंदवही पाहून मी हादरलो. तिच्यात जयवंतीचं नाव "साहित्य" या सदराखाली, नांगर आणि कंदिलाच्या मधे होतं.

मी अकरा पत्रं लिहिली. कार्यालयासमोर उपोषणही केलं. ते साडेबारापर्यंत चाललं. नंतर बाबांनी डबा पाठवला, आणि त्यात सोलकढी होती. तरी मागणी मान्य झाली. शेवटचा अर्ज घेऊन मी मुख्य लिपिक हळदणकर मॅडमसमोर उभा राहिलो. त्यात मी लिहिलं होतं: "जयवंती ही साहित्य नसून मयेकर कुटुंबाची सदस्य आहे. सबब नात्यातून येणारे सर्व हक्क व कर्तव्ये उभयपक्षी लागू करावीत." "व कर्तव्ये" हे शब्द मी सगळ्यात शेवटी घातले होते. नुसते हक्क मागणं मला स्वार्थीपणाचं वाटलं होतं.

मॅडमनी तो मजकूर दोनदा वाचला.

"उभयपक्षी म्हणजे तुम्हालाही लागू?"

"अर्थात. एकतर्फी नातं म्हणजे शोषण."

"घरी विचारलंत?"

"घरच्यांना अजून यातलं कळत नाही."

"बरं," त्या म्हणाल्या. "इथे सही करा. आणि इथे. आणि या 'कर्तव्ये' शब्दाजवळ आद्याक्षरं."

मग बोट शोधायला लागलो. बाबांची पद्धत सोपी होती: बोटीच्या अंगावर बोटं वाजवायची आणि कान लावायचा. मी एकेचाळीस निकषांचा तक्ता केला. डेकची लांबी-रुंदी, इंजिनाचा आवाज, कंपन, सावली, इतर बोटींशी संवादाची संधी, आत्मसन्मान.

बाबांनी तक्ता उलटा धरून पाहिला, मग सुलटा. "तुमच्याकडे नॉर्वेत बोट कागदावर तरंगते काय रे?"

पहिली बोट शेजारच्या बंदरातला शेहेचाळीस फुटी ट्रॉलर होता, नाव सागरराजा. आम्ही तिघं पाण्यातूनच गेलो: बाबा इंजिनाशी, मी तक्त्यासह पुढे, आणि आमच्या खाली जयवंती. सागरराजाने तिला वरून खालपर्यंत न्याहाळलं.

"बाई, डिझेल किती लागतं?"

"महिनाअखेर सोडतेय. मग फक्त अंगाला तेल."

"झोपेत करकरता?"

"भरती बदलते तेव्हा थोडी."

"मग खाली बर्फाच्या खणात बसा. वर माझी जाळी असतात."

"बर्फात? मला संधिवात आहे, राजेसाहेब," जयवंती म्हणाली आणि वळली. माझ्या तक्त्यात सागरराजाला चौतीस गुण मिळाले होते. हे मी तिला परतीच्या वाटेवर दोनदा सांगितलं.

दुसरी बोट पर्यटकांना डॉल्फिन दाखवायला नेणारी होती. डॉल्फिन क्वीन: फायबरची, पांढरीशुभ्र, सगळीकडून दिवे. स्वभावाने अतिशय गोड.

"आंटी, या ना! मी तुम्हाला मधोमध ठेवीन. लोक तुमच्यात बसून फोटो काढतील. मी तुम्हाला रंगवीन पण."

"कोणता रंग?"

"गुलाबी."

जयवंती हातभर मागे सरकली. मी मात्र भारावलो. अडतीस गुण! समाजात सहभाग, नव्या पिढीशी नातं, झेंडूऐवजी माणसं. मी तिला तिथेच, पाण्यात, या सगळ्याचं महत्त्व समजावून सांगितलं. साधारण वीस मिनिटं लागली. मधे डॉल्फिन क्वीनने संगीत लावलं.

परत निघालो तेव्हा तीस मे उजाडून दुपार झाली होती. मी चिडलो होतो.

"आत्या, तू मुद्द्यावर बोलत नाहीस. एकेचाळीस निकष आहेत. कोणता पुरा होत नाही ते सांग."

"बेचाळिसावा."

"बेचाळिसावा नाहीच आहे."

"तेच सांगते. तुझ्या तक्त्यात रघू कुठे आहे?"

मी मागे वळून पाहिलं. बाबा इंजिनाशी बसले होते आणि मुद्दाम किनाऱ्याकडे बघत होते. जयवंतीबरोबर तेही त्याच दिवशी काम सोडणार होते. मला हे माहीत होतं. ती बोटीची बाब नसल्यामुळे मी नोंदवली नव्हती.

"तुझी आई गेल्यापासून हा घरात झोपत नाही," जयवंती म्हणाली. "माझ्यात झोपतो. तू तिकडे तीन वर्षं होतास, तुला कोण सांगणार? मी उद्या कुणाच्या डेकवर गेले, तर याने कुठे आडवं व्हायचं? त्या गुलाबीच्या दिव्यांखाली?"

"माझं काय गो," बाबा म्हणाले. "मी ओटीवर झोपेन."

"तुला ओटीवर झोप लागत नाही. तुला हलायला लागतं."

मी तक्त्यात बेचाळिसावा रकाना आखला. पेन्सिल दोनदा मोडली.

तिसरी बोट एकतीस तारखेला सकाळी पाहिली. खाडीच्या वरच्या अंगाला इब्राहीम मिस्त्रींच्या आवारापाशी एक जुनी सरकारी गस्ती लाँच उभी होती, दक्षता नावाची. लिलावात आलेली, अडतीस फुटी. रंग उडालेला, एका बाजूला किंचित कललेली.

"इंजिन उत्तम आहे," मिस्त्री म्हणाले. "फक्त सुरू करण्याआधी तिला कारण सांगावं लागतं. सरकारी सवय आहे."

"आणि कारण पटलं नाही तर?" मी विचारलं.

"मग दुसरं सांगायचं. चिडत नाही ती. नोंद करून घेते."

मी मोजायला सुरुवात केली. एकोणीस गुण. पुढे मोजणं व्यर्थ होतं. जयवंतीने मात्र माझ्याकडे पाहिलंही नाही.

"रघू, वर जा. मी बसेन त्या जागेच्या डाव्या अंगाला आडवा हो."

बाबा वर चढले आणि चप्पल काढून डेकवर उताणे झाले. त्यांचे पाय कठड्यापासून वीतभर अलीकडे राहिले.

"उशी धरून?" जयवंतीने विचारलं.

"उशी धरून."

"दोर पोचेल मनगटापर्यंत?"

बाबांनी हात लांब केला. "पोचेल."

ते बराच वेळ तसेच पडून राहिले. आम्हाला वाटलं झोप लागली. मग ते उठले, दक्षताच्या अंगावर दोनदा बोटं वाजवली आणि म्हणाले, "येऊ का? दोघं आहोत."

दक्षताने नोंद करून घेतली. "विनंती प्राप्त झाली," ती म्हणाली. "कारण?"

"दमलोय," बाबा म्हणाले.

"कारण समाधानकारक आहे. या."

दुपारी साडेचारला मी कागद घेऊन बंदर कार्यालयात गेलो. हळदणकर मॅडमनी निवृत्तीच्या आदेशावर शिक्का उचलला आणि तो हवेतच धरला.

"तरीवरची वाहतूक एक दिवसही बंद ठेवता येत नाही. जयवंतीबाईंची जागा उद्यापासून रिक्त. वारस कोण?"

"वारस म्हणजे?"

"त्या साहित्य असत्या तर आम्ही नवीन साहित्य मागवलं असतं. तुम्ही त्यांना आत्या केलंत. आता रिक्त जागेवर कुटुंबातला सज्ञान वारस येतो. कर्तव्ये. तुमची आद्याक्षरं आहेत."

"पण मॅडम, जागा होडीची आहे."

"हो."

"मी माणूस आहे."

"त्या अर्जात तुम्ही लिहिलंय की असा भेद करणं हे मागासलेपणाचं लक्षण आहे. पान चार." त्यांनी पान चार दाखवलं. अक्षर माझंच होतं. खाली रेघही मारली होती.

"आणि मी नकार दिला तर?"

"तर अर्ज रद्द. जयवंतीबाई परत साहित्यात. बोटीचे कागद तुम्ही कुटुंबाची सदस्य म्हणून भरलेत, तेही रद्द. रिसॉर्टवाल्यांची गाडी पाचला येते."

खिडकीतून धक्का दिसत होता. दक्षता येऊन लागली होती. बाबा आणि मिस्त्री जयवंतीला वर घेण्यासाठी दोर बांधत होते, आणि जयवंती त्यांना दोर कुठे काचतो ते सांगत होती. बाबांनी घरातून आपली उशी आणली होती. ती त्यांनी काखेत धरली होती.

"शिक्षण?" मॅडमनी विचारलं.

"जलवाहतूक. नॉर्वे."

"जागेच्या मानाने जास्तच आहे. पण हरकत नाही."

होड्या तपासणाऱ्या सर्वेक्षकाने माझी तपासणी केली. छातीवर टिचक्या मारल्या, खांद्यांमधलं अंतर मोजलं, पाठीवर हात फिरवून गळती नाही असं लिहिलं. क्षमता: नऊ प्रवासी, एक सायकल. शेळ्या परिस्थिती पाहून. मी सही केली. मॅडमनी दोन्ही आदेशांवर एकामागोमाग शिक्के मारले. पाचला पाच मिनिटं असताना गाडी आली आणि रिकामी परत गेली.

एक जूनला सकाळी साडेसहाला मी तरीवर रुजू झालो. पाणी गार होतं. पहिल्या दोन फेऱ्यांत मी डावीकडे झुकत होतो. सायकल उजवीकडे ठेवल्यावर जमलं. शाळेच्या बाई म्हणाल्या की जयवंतीपेक्षा मी हळू आहे, पण बसायला मऊ आहे.

आठच्या सुमाराला दक्षता खाडीच्या मुखाकडे निघाली. तिने सुटण्याचं कारण विचारलेलं ऐकू आलं. बाबांनी काय सांगितलं ते ऐकू आलं नाही, पण इंजिन लगेच सुरू झालं. डेकवर जयवंती बसली होती आणि तिच्या डाव्या अंगाला बाबा झोपले होते, दोराचं टोक मनगटाला.

"मान वर ठेव रे!" जयवंती माझ्याजवळून जाताना ओरडली. "पाणी आत घेतोयस! आणि ओहोटीला मधोमध जाऊ नको, खडक आहे."

"किती खोल आहे?" मी विचारलं.

"कळेल तुला," ती म्हणाली. मग आवाज खाली आणून, "हळू बोल. रघू झोपलाय."

मी धक्क्याला लागलो. सुलभाकाकू पाटी घेऊन उभ्या होत्या. त्यांनी माझ्या बरगडीवर दोनदा बोटं वाजवली.

"येऊ का?"

त्यांची भूमिका विचारावी असं क्षणभर मनात आलं. पाटीत बांगडे होते, आणि ते ताजे होते.

"या," मी म्हणालो.

त्यांनी आधी पाटी ठेवली.