रज्जाकभाईंची हळू गोळी

सावली गावात बंदुका दुरुस्त करणाऱ्या रज्जाकभाईंना बंदुकीचा आवाज अजिबात खपत नसे. हलवायाला साखर खपू नये, तसलाच हा प्रकार.

नव्वदच्या दशकात मला धानाच्या राखणीसाठी बंदुकीचा परवाना मिळाला. शाळेत मास्तरकी, घरचं तीन एकर धान आणि धानात रानडुकरं, असा माझा संसार. कोणत्या बोअरची, म्हणजे नळीच्या मापाची, बंदूक घ्यावी, एवढंच विचारायला रज्जाकभाईंकडे गेलो आणि अडकलो. ते ठार बहिरे. मी शाळेतल्या पाटीवर लिहून विचारायचो, ते घसा फोडून उत्तर द्यायचे.

"तीनशे पंधरा कायले पायजे गुरुजी? तिची गोळी आवाजाच्या पुढं पळते, म्हणून कडाडते. बाविसची हळू गोळी घ्या. आवाजाच्या मागं राह्यते. शरीफ आहे."

महिनाभर हेच. मी पाटीवर 'डुकरं पळवायची आहेत' असं लिहिलं, की ते पाटी पुसून परत द्यायचे.

शेवटी बावीसच घेतली. धान लोंबीवर आलं होतं. तिन्हीसांजेला बांधाच्या मातीत पहिला बार काढला, तर एकाही डुकरानं मान वर केली नाही. माझं डोकंच फिरलं.

दुसऱ्या दिवशी बंदूक घेऊन भांडायला गेलो. रज्जाकभाई घरामागच्या मातीच्या ढिगावर एका गिऱ्हाइकाची तीनशे पंधरा तपासत होते. मागच्या दारात त्यांची बायको फातमाबी तांदूळ पाखडत बसली होती. बार झाला तशी ती दचकली आणि सुपातले तांदूळ अंगणभर झाले. रज्जाकभाईंनी बंदूक बाजूला ठेवली आणि उकिडवं बसून सगळे दाणे वेचून दिले.

मग माझी बावीस घेतली. हळू गोळी भरली, उडवली. गोळी कुठं लागली ते त्यांनी पाहिलंच नाही. ते सुपाकडे बघत होते. सूप हलत राहिलं.

बहिऱ्या माणसाला आवाज असा कळत होता. मला माझ्या भांडणाची लाज वाटली.

"चाळीस वर्षं दचकवलं हिले," ते म्हणाले, आणि पहिल्यांदाच हळू बोलले. "मले ऐकू येणं बंद झालं, मी सुटलो. हे बिचारी कुठी जाईन?"

मग नेहमीच्या आवाजात विचारलं, "डुकरं पळाली ना, गुरुजी?"

मी पाटीवर लिहिलं, 'पळाली.'

त्या वर्षी कापणी होईपर्यंत मी रोज बांधावर उभा राहिलो. खांद्याला बंदूक आणि हातात बडवायला तेलाचा रिकामा डबा.