काकू, थोडं प्रेशर येईल

गौतम आमच्याकडे कोथिंबीर आरशात बघून निवडतो. जुडी तोंडाकडे पाठ करून धरायची, दातांच्या डॉक्टरांचा तो चिमुकला आरसा तिच्यामागे धरायचा आणि त्यात बघत पानं खुडायची. "मागची दाढ अशीच दिसते, काकू! उलटी!" भाजीत काड्या येतात, पण त्याचा उत्साह बघून कोणी बोलत नाही.

गौतम माझा पुतण्या. नांदेडहून डेंटलला शिकायला हैदराबादला आला आणि आमच्या विद्यानगरच्या फ्लॅटमध्ये राहिला. तेव्हापासून आमच्या न्हाणीघरात धड साबण म्हणून नाही. गौतमने सरावासाठी कोरून कोरून त्याची दाढ केलेली असते. पाहुणे हात धुवायला जातात अन् दचकून बाहेर येतात.

तोंडात एकच वाक्य, "बस, थोडं प्रेशर येईल." लोणच्याच्या बरणीचं घट्ट झाकण उघडतानाही तो हे बरणीला सांगतो. गच्च भरलेल्या शेअर ऑटोत शिरताना शेजारच्या माणसालाही.

पण खऱ्या पेशंटसमोर त्याचं कासव व्हायचं. इतका वेळ लावायचा की पेशंट खुर्चीत घोरायला लागत. शिकवणाऱ्या मॅडम म्हणायच्या, "गौतम, बधिरपणा उतरायच्या आत दाढ काढायची असते!" घरी येऊन तो हात बघत बसायचा. "काकू, हात चालतो हो. मनच म्हणतं, ठैरो."

मग माझीच दाढ ठणकायला लागली. आमचे हे म्हणाले, "चांगल्या डॉक्टरकडे जा." मी थेट गौतमच्या कॉलेजात गेले.

मला खुर्चीत बघून तो पांढराफटक पडला. मॅडम बाजूला उभ्या. मी म्हटलं, "आज ठैरो-बिरो नक्को. चल!"

तो हसला. इंजेक्शन दिलं. ओठ जड झाला. "बस, थोडं प्रेशर येईल." मी डोळे घट्ट मिटले.

"सुरू कर ना रे," मी बोबडं बोलले.

"काकू, निघाली!"

चिमट्यात माझी दाढ! तो असा ओरडला की शेजारच्या खुर्चीतला पेशंट उठून बसला. मॅडमनी पाठ थोपटली. गौतमच्या अंगात वीज संचारली होती. "मॅडम, नेक्स्ट!"

नेक्स्ट एक म्हातारी तेलुगू बाई होती. मी बाहेरच्या बाकावर कापसाचा बोळा दाबून बसते न बसते तोच तीही बोळा दाबून बाहेर आली. इतका झपाटा! मागोमाग गौतम आला आणि तिच्याजवळ बसला. मोडक्यातोडक्या तेलुगूत नांदेडच्या गप्पा सांगू लागला. तिला बोलता येत नव्हतं, ती नुसती मान डोलवत होती. आतून मित्र हाका मारत होते, "अरे, पेशंट थांबलेत!" रक्त थांबेपर्यंत तो हलला नाही. मग तिला रिक्षात बसवून आला.

घरी येताना मी विचारलं, "आज तर तुझी गाडी सुसाट सुटली होती. मध्येच कशाला बसलास?"

"त्यांच्याबरोबर कोणीच आलं नव्हतं, काकू." मग म्हणाला, "आई होती तेव्हा अशीच एकटी जायची दवाखान्यात. मी शाळेत असायचो."

माझी जीभ अजून जड होती. मी त्याचा हात हातात घेतला.